ज्या ओळीला दोघेही ‘आमेन’ म्हणतील : चर्च आणि सिनेगॉगची संयुक्त उपकारस्तुती कशी घडवावी

अमेरिकेत नोव्हेंबर अर्ध्यावर आला की अनेक गावांतल्या चर्चच्या आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांच्या, पाट्यांवर सारखाच मजकूर दिसू लागतो : थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, अमुक संध्याकाळी, सर्वांची मिळून उपासना. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे थँक्सगिव्हिंगचा अर्थ मला कुणी समजावून द्यावा लागला नाही. आमच्याकडे त्याला उपकारस्तुती म्हणतात. मूल झालं, नोकरी लागली, माणूस दुखण्यातून उठला की मंडळी घरी बोलवायची, दोन गीतं म्हणायची, पाळकांनी प्रार्थना करायची. अशी उपासना घडवणाऱ्या आमच्या समितीत अलिबागकडच्या मूळच्या एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, बाई आहेत. पहिल्या बैठकीनंतर गाडीपर्यंत चालताना त्या मराठीत म्हणाल्या, “आमच्यात त्यालाच मलिदा म्हणतात.” भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, स्मरण. नवस फेडायला, गृहप्रवेशाला, लग्नाआधी. दोन्ही घरांत देवाचे आभार मानायची रीत होतीच. अमेरिकेत येऊन आम्ही एकमेकींच्या घरची रीत पाहिली, एवढंच.

अशी उपासना उभी करण्यात मी काही वर्षं हात घातला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती आणि बेने इस्राएल मंडळींपैकी कुणावर हे काम आलं, तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्या कामाला मी एकच कसोटी लावते. ‘आमेन’ हा हिब्रू शब्द दोन्ही घरांत जसाच्या तसा आहे. उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायची जी ओळ असेल, तिला सभागृहातल्या प्रत्येकाला मनापासून आमेन म्हणता आलं पाहिजे. ज्या ओळीला अर्धी माणसं गप्प बसतील, ती सगळ्यांच्या तोंडी घालायची नाही. एकट्याने वाचायचं असेल तर प्रत्येकाने आपलं पुरतं बोलावं, समोरच्याने आदराने ऐकावं. एकत्र म्हणायचं आणि एकाने म्हणून इतरांनी ऐकायचं, यातली रेघ पक्की ठेवली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

सण कोणता निवडावा

थँक्सगिव्हिंगच. हा दिवस दोघांच्याही धर्मग्रंथातला नाही, म्हणून कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९ हा राष्ट्रीय आभाराचा दिवस जाहीर केला, तेव्हा न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल या सिनेगॉगमध्ये गेर्शोम मेंडेस सेशास यांनी त्या निमित्ताने प्रवचन दिलं. म्हणजे ज्यू मंडळी या सणात पहिल्या दिवसापासून आहेत. लिंकन यांनी १८६३ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला, आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायमचा ठरला.

नाताळ आणि हनुक्का जवळजवळ येतात म्हणून त्यांची एकत्र उपासना करायची कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडतं. ती टाळा. नाताळ ख्रिस्तजन्माचा, हनुक्का हा ज्यू सण यरुशलेमच्या मंदिराच्या पुनःसमर्पणाचा. दोन्ही एकत्र शिजवले की दोन्हींची चव जाते. ईस्टर आणि वल्हांडण (ज्यूंचा मिसरातून सुटकेचा सण) तर त्याहून नाजूक. शतकानुशतके युरोपात पवित्र आठवड्यात ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले आहेत, ही आठवण ज्यू घरांतून पुसलेली नाही. एकमेकांच्या सणाला पाहुणे म्हणून जरूर जा, पण त्या सणांची भेसळ करू नका.

थँक्सगिव्हिंगलाही दुसरी बाजू आहे. मूळ अमेरिकन लोक १९७० पासून प्लिमथ इथे हाच दिवस शोकदिन म्हणून पाळतात. स्वागतात किंवा प्रार्थनेत ज्या जमातीच्या जमिनीवर आपलं गाव वसलं आहे तिचं नाव नीट उच्चारून घ्या, आणि इंग्लंडहून आलेले यात्रेकरू आणि मूळ अमेरिकन प्रेमाने एकत्र जेवले ही शाळकरी गोष्ट सांगायचं टाळा.

पहिली पायरी : कोण येऊ शकतं, हे आधी विचारा

‘सगळ्यांना बोलावू’ असं म्हणून पत्रं पाठवली की पेच पडतो. ज्यू समाजात रिफॉर्म आणि कन्झर्वेटिव्ह या मोकळ्या पंथांची मंडळी बहुधा आनंदाने येतात. परंपरा काटेकोर पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या रब्बींपैकी (ज्यू धर्मगुरूंपैकी) बहुतेक जण चर्चच्या उपासनागृहात पाऊल ठेवत नाहीत आणि संयुक्त उपासनेत भाग घेत नाहीत. ती त्यांची धर्माज्ञेची समजूत आहे, आपल्याविषयीचा राग नाही. समाजसेवेत मात्र ते बरोबर उभे राहतात. म्हणून त्यांना उपासनेचं आमंत्रण देऊन नकार द्यायला लावू नका. अन्नदानाच्या कामात पहिल्या दिवसापासून बरोबरीने घ्या.

ख्रिस्ती बाजूलाही असंच आहे. रोमन कॅथलिक पंथासाठी २८ ऑक्टोबर १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने दार उघडलं : येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येत नाही, असं तिने स्पष्ट म्हटलं. उलट मिसूरी सिनोड या लुथरन चर्च-संघटनेला अशा उपासना मान्य नाहीत. २००१ साली यँकी स्टेडियममधल्या सर्वधर्मीय प्रार्थनेत भाग घेतला म्हणून त्यांच्या एका पाळकांना निलंबित केलं गेलं होतं, आणि पुढे २००३ मध्ये त्यांना परत घेतलं. तेव्हा एखादे पाळक ‘नको’ म्हणाले तर त्यांना संकुचित ठरवू नका. कदाचित त्यांचं पद पणाला लागत असेल.

एक गोष्ट अगदी स्पष्ट ठरवा. येशूला मसीहा मानणारे जे ‘मेसियानिक’ गट आहेत, त्यांना ज्यू मंडळी म्हणून समितीत घेऊ नका. सिनेगॉगच्या दृष्टीने ते ज्यूंच्या धर्मांतराचं काम आहे, आणि या एका चुकीने अनेक वर्षांचा विश्वास एका दिवसात संपतो. याच कारणाने चर्चच्या बाजूने लेखी द्या की त्या संध्याकाळी कोणतीही पत्रकं वाटली जाणार नाहीत आणि कुणाचे फोन नंबर गोळा होणार नाहीत.

सुरुवातीला एक चर्च आणि एक सिनेगॉग पुरे. पाच-सहा जणांची समिती, दोन्हीकडून सारखी माणसं, आणि त्यात फक्त पाळक व रब्बी नकोत. स्वयंपाकघराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ती माणसं हवीतच.

दुसरी पायरी : तारीख

कामाला ऑगस्टपूर्वी लागा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू मंडळींचे मोठे सण असतात आणि रब्बींना श्वास घ्यायला वेळ नसतो. २०२६ चंच पाहा : ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी रोश हशाना (ज्यू नववर्ष) सुरू होतो, २१ तारखेला योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस), मग सुक्कोथ (मांडवांचा सण), आणि सिमहाथ तोरा (तोरावाचन पूर्ण झाल्याचा आनंद) ४ ऑक्टोबरला. त्या दरम्यान पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं नाही तर रुसू नका.

शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार हा शब्बाथ, तो वगळा. बुधवारी लोक गावोगाव निघालेले असतात. माझ्या मते मंगळवार सर्वांत बरा. २०२६ मध्ये थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला आहे, म्हणजे मंगळवार २४. संध्याकाळी सात ही वेळ मुलांनाही जमते आणि तासाभरात आटोपली तर लोक पुन्हा येतात.

तिसरी पायरी : जागा

आलटून पालटून : एक वर्ष चर्चमध्ये, एक वर्ष सिनेगॉगमध्ये. शाळेचा हॉल घ्यावा असं काहींना वाटतं, पण माझं मत वेगळं आहे. दुसऱ्याच्या देवाच्या घरात जाऊन बसणं, तिथला वास, तिथली बाकं, तिथलं ऊन-सावलीचं रंगीत काचेतलं काम पाहणं, हाच या संध्याकाळचा मोठा भाग आहे.

चर्चमध्ये असेल तर प्रश्न येतो क्रूसाचा. झाकायचा का? मी म्हणते, नाही. ज्यू पाहुण्यांना ते चर्चमध्ये आले आहेत हे माहीत असतं. पण बोलणाऱ्यांची जागा क्रूसाच्या थेट समोर, वेदीपाशी ठेवायची गरज नाही. खाली, लोकांच्या पातळीवर व्यासपीठ मांडा. कुणालाही गुडघे टेकायला सांगू नका. रब्बींनी वेगळी मागणी केली तर मात्र त्यांचं ऐका.

सिनेगॉगमध्ये असेल तर दाराशी टोपल्यात किप्पा, म्हणजे छोट्या गोल टोप्या, ठेवलेल्या असतात. पुरुषांनी एक उचलून डोक्यावर ठेवावी. बायकांचा रिवाज त्या त्या सिनेगॉगप्रमाणे असतो. पंजाबमधल्या गुरुद्वाऱ्यात आपण डोकं झाकतोच, तसंच. ही गोष्ट चर्चमधल्या लोकांना आधीच्या रविवारी सांगून ठेवली तर दाराशी कुणी घुटमळत नाही. सेफर तोरा, म्हणजे तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) हस्तलिखित गुंडाळ्या, ज्या कपाटात असतात ते उघडलं की सगळे उभे राहतात. तुम्हीही उभे राहा.

चौथी पायरी : शब्द

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक प्रार्थना, प्रत्येक गीताचं प्रत्येक कडवं आणि वाचनाची प्रत्येक ओळ समितीने आधी कागदावर पाहिली पाहिजे. ‘ऐनवेळी सुचेल तसं’ ही आमच्या मंडळीतली लाडकी पद्धत, पण या संध्याकाळी ती बाजूला ठेवावी लागते. सवयीने तोंडून ‘येशूच्या नावाने’ निघतं, आणि अर्धं सभागृह आमेनच्या जागी गप्प राहतं. एका वर्षी आमच्याकडे असं झालं. बोलणाऱ्याचा काही वाईट हेतू नव्हता, पण ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

ख्रिस्ती वाचकाने आपल्या स्वतःच्या वाचनात आपला विश्वास लपवू नये. सर्वांच्या वतीने केलेली प्रार्थना मात्र ‘तुझ्या पवित्र नावाने’ अशी संपवावी.

देवाचं नाव. मराठीच्या जुन्या गीतांत ‘यहोवा’ सहज येतं. ज्यू मंडळी ते चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, त्याऐवजी ‘आदोनाय’ म्हणतात. कॅथलिक उपासनेतही २००८ पासून ते नाव उच्चारायचं नाही अशी व्हॅटिकनची सूचना आहे. ‘परमेश्वर’ किंवा ‘प्रभू’ म्हणा. पण ‘प्रभू’ म्हटलं की ख्रिस्ती कानाला येशू ऐकू येतो, हेही लक्षात घेऊन पहिला शब्द जास्त वापरा. ‘जुना करार’ हा शब्दही खटकतो, कारण ज्यू घरात तो जुना झालेला नाही; ‘हिब्रू शास्त्र’ किंवा ‘तनाख’ म्हणा.

वाचनं निवडताना थँक्सगिव्हिंगला अनेक चर्चमध्ये हमखास निघतो लूकच्या १७ व्या अध्यायातला दहा कुष्ठरोग्यांचा प्रसंग. बरे झालेल्या दहांपैकी एक शोमरोनी, म्हणजे ज्यूंना परका असलेला, तेवढा आभार मानायला परत येतो. चर्चमध्ये तो कृतज्ञतेचा धडा वाटतो. पण ज्यू पाहुण्यांच्या शेजारी बसून ऐका : मग न परतलेले कृतघ्न नऊ कोण, ज्यूच ना? तो उतारा या संध्याकाळी नको. त्याऐवजी मत्तयच्या ६ व्या अध्यायातले आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं छान बसतात. हिब्रू शास्त्रातून अनुवाद ८:७–१० घ्या. गहू, जव, द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, जैतून, मध. आणि शेवटी, खाऊन तृप्त झालास की देवाला धन्यवाद दे. जेवणानंतरच्या ज्यू प्रार्थनेचा आधार ही ओळच आहे.

एकत्र म्हणायला स्तोत्रसंहितेसारखं दुसरं काही नाही. माझी निवड स्तोत्र १३६. त्यात २६ ओळी आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच पालुपद : त्याची दया सनातन आहे. एकाने ओळ वाचायची, सभेने पालुपद म्हणायचं. पहिल्यांदा आलेल्या मुलालाही तिसऱ्या ओळीपासून जमतं, अगदी आपल्याकडच्या कीर्तनातल्या ध्रुवपदासारखं. मधल्या ओळींत राजांना मारल्याचं वर्णन आहे. म्हणून १ ते ९ आणि २३ ते २६ घ्या, म्हणजे सृष्टीपासून थेट ‘तो सर्व प्राण्यांना अन्न देतो’ इथपर्यंत येता येतं.

‘स्तोत्र ९२, पहिली ओळ काढा’ असं कधी सांगू नका. हिब्रू प्रतीत स्तोत्राचं शीर्षकच पहिली ओळ धरतात, त्यामुळे ख्रिस्ती प्रतीतली पहिली ओळ तिथे दुसरी होते. जुन्या कॅथलिक प्रतींत तर स्तोत्राचा क्रमांकच एकाने मागे असतो. सगळा मजकूर कागदावर छापा. आणि त्या कागदावर हिब्रू लिपीतलं ते चार अक्षरी नाव येऊ देऊ नका. ते असलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही.

प्रभुभोजन नाही. प्रभूची प्रार्थनाही एकत्र नाही. तिचे शब्द ज्यू प्रार्थनांच्या कितीही जवळचे असले तरी ती चर्चची ओळख झाली आहे.

पाचवी पायरी : गाणी

ओळखीच्या चाली हव्यात, पण शेवटचं कडवं वाचल्याशिवाय गीत ठरवू नका. आभाराची कित्येक जुनी इंग्रजी गीतं दोन कडवी सर्वांची असतात आणि तिसऱ्यात पिता, पुत्र व पवित्र आत्म्याचं गौरवगान येतं. ‘फॉर द ब्यूटी ऑफ द अर्थ’ या गीताचं मूळ पालुपद ख्रिस्ताला उद्देशून आहे. पण अनेक गीतपुस्तकांत ते ‘सर्वांच्या प्रभू’ असं बदललेलं मिळतं. ती आवृत्ती छापा. कडवं गाळायचं असेल तर ऑर्गन वाजवणाऱ्याला लेखी कळवा, नाहीतर तो सवयीने तिसरं कडवं वाजवत राहतो.

दोन गायकवृंदांची एक तरी तालीम एकत्र घ्या. हिब्रू ओळ सिनेगॉगच्या कँटरकडून, म्हणजे उपासनेचं गायन चालवणाऱ्या आपल्या हज्जानकडून, सर्वांनी शिकायची. ‘होदू लादोनाय की तोव’ (परमेश्वराचे आभार माना, कारण तो चांगला आहे), एवढी एक ओळ पुरते. गावात मराठी ख्रिस्ती आणि बेने इस्राएल दोन्ही असतील तर एक स्तोत्र मराठीत दोघांनी मिळून वाचा. आमच्याकडे ते झालं तेव्हा बाकीच्या सभागृहाला शब्द कळले नाहीत, पण एका चर्चमधली आणि एका सिनेगॉगमधली बाई एकाच मातृभाषेत देवाशी बोलते आहे हे सगळ्यांना दिसलं. कोकणात आणि मुंबईच्या इस्राएल मोहल्ल्यात हे साधं असेल. इथे अमेरिकेत मात्र लोक थांबून आम्हाला विचारत राहिले.

क्रम

तासाभराचा आमचा आराखडा असा असतो :

१. यजमानाचं स्वागत, जमिनीचं स्मरण (४ मिनिटं)
२. स्तोत्र १०० एकत्र, मग गीत (८ मिनिटं)
३. अनुवाद ८, आधी हिब्रूत मग इंग्रजीत (५ मिनिटं)
४. दोन्ही वृंदांचं गाणं (५ मिनिटं)
५. मत्तय ६ (३ मिनिटं)
६. मनोगत (१० मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही)
७. शांतता (२ मिनिटं)
८. आजारी, एकटे, नुकतेच गेलेले यांच्यासाठी प्रार्थना (५ मिनिटं)
९. अन्नदानाची माहिती आणि अर्पण, वाद्यसंगीतासह (६ मिनिटं)
१०. स्तोत्र १३६ (५ मिनिटं)
११. आशीर्वाद (३ मिनिटं)

मनोगत पाहुण्या धर्मगुरूने द्यावं : चर्चमध्ये रब्बींनी, सिनेगॉगमध्ये पाळकांनी. इस्राएल, पॅलेस्टाइन आणि निवडणुका या विषयांवर काय करायचं ते आधी बोलून ठेवा. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलवर केलेल्या हल्ल्यानंतर कित्येक गावांत याच प्रश्नावर ताण आला. आम्ही ठरवलं की मरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी प्रार्थना होईल आणि व्यासपीठावरून राजकीय भूमिका मांडली जाणार नाही. ते ठरवायला तीन बैठका लागल्या. त्या बैठकांत काही जण रडले. मला वाटतं, उपासनेइतकंच त्या बैठकाही महत्त्वाच्या होत्या.

शेवटचा आशीर्वाद गणना ६:२४–२६ मधला. हिब्रूत अवघे पंधरा शब्द : पहिल्या ओळीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत सात. रब्बी एक ओळ हिब्रूत म्हणतात, पाळक तीच इंग्रजीत, आणि प्रत्येक ओळीनंतर सगळे आमेन. आमच्या मराठी उपासनाही याच शब्दांनी संपतात, म्हणून दरवर्षी इथे माझा आवाज कापतो.

खाणं, अर्पण, दारावरचा पहारा

सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात घरून केलेला कोणताही पदार्थ विचारल्याशिवाय नेऊ नका, अगदी नारळाच्या वड्याही. मांस आणि दूध वेगळं ठेवण्याचे नियम भांड्यांपर्यंत जातात. (बेने इस्राएल घरांत दुधाऐवजी नारळाचं दूध वापरायची हातोटी आली ती यातूनच.) सर्वांत सोपं म्हणजे अख्खी फळं, आणि कोशरचा (ज्यू आहारनियमांनुसार चालणारं) शिक्का असलेल्या बेकरीतून बंद डब्यात आणलेली बिस्किटं, कागदी बशा, नवे कप. चर्चमध्येही हेच करा. मलिद्याचं ताट तिथे मांडायचं की नाही, हे फक्त बेने इस्राएल कुटुंबाने ठरवायचं. तो विधी आहे, देखावा नाही.

अर्पण गावाच्या अन्नपेढीला, म्हणजे गरजूंना अन्न देणाऱ्या केंद्राला, जावं. डबाबंद अन्न आणायला सांगताना काही डबे कोशर चिन्हाचे आणा असं पत्रकात लिहा, म्हणजे त्या पेढीवर येणाऱ्या ज्यू कुटुंबालाही ते नेता येतील.

सुरक्षेचा विषय चर्चच्या लोकांना सुरुवातीला टोचतो, कारण चर्चची दारं उघडी असतात. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या सकाळी अकरा उपासक मारले गेले. त्यानंतर सिनेगॉगच्या दाराशी पोलीस, पिशव्यांची तपासणी, कधी नावांची यादी असते. आधीच्या रविवारी चर्चमध्ये हे कारणासकट सांगा. आणि उपासना चर्चमध्ये असेल त्या वर्षी पोलिसांचा खर्च न मागता चर्चने उचलावा. आमच्या मंडळीने तो उचलला, त्या दिवसापासून समितीतली भाषा बदलली.

त्या रात्री, सगळे गेल्यावर

बाकांवर राहिलेले कागद गोळा करा. एखाद्यावर चुकून हिब्रूतलं ते नाव छापलं गेलं असेल तर तो रब्बींकडे द्या. त्यांच्याकडे अशा कागदांची वेगळी पेटी असते आणि ते पुढे रीतसर पुरले जातात. डबे मोजून त्याच आठवड्यात अन्नपेढीवर पोचवा, आणि पोचवायला दोन्हीकडची माणसं एका गाडीतून जाऊ द्या. दोन आठवड्यांच्या आत समिती एकदा बसवा, कोणत्या ओळीला सभागृह गप्प राहिलं ते लिहून ठेवा, आणि उठण्यापूर्वी पुढच्या वर्षीची तारीख यजमानाच्या वहीत नोंदवून घ्या.